आणखी काय घेता?

हर्णैच्या बंदरावर उतरताना डाव्या हाताला
माझं मेडिकल.
बर्फाच्या गाड्यांचं पाणी पायरीवरून आत येतं,
म्हणून खालचा कप्पा रिकामा.
दुखण्याचा माल वरच्या फळीवर:
माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या, मॅग्नेशियम,
हळदीच्या कॅप्सूल, मिरीच्या अर्कासकट.
डब्यावर एक धावणारा गोरा म्हातारा,
ज्याचे गुडघे कधी कुठल्या जेटीवर ओले झालेले नाहीत.

हमीदा होडेकर महिन्याला एकच पट्टी नेते.
सांध्यांची. दहा गोळ्या.
मी सांगतो, चाची, रोज दोन, आणि तीन महिने तरी,
मग कळेल गुण येतो की नाही.
ती बोटं काउंटरवर ठेवते,
सोलून सोलून वाकलेली, नखांत मीठ.
"रोजचं दुखणं माझं मी बघते रे.
ही गोळी उधाणाची.
अवसेचे पाच दिवस, पुनवेचे पाच.
भांगाला कशाला हवी?"

कशापासून बनवतात, तिनं एकदा विचारलं.
मी डोळ्यांजवळ धरून वाचलं:
कोळंबीच्या, खेकड्याच्या कवचापासून.
ती इतकी हसली की ओढणी सावरावी लागली.
"म्हणजे मी सोलून टाकते तेच मला परत विकतोस!
आणि सोलायचे मला किलोला किती, ठाऊक आहे ना?"
ठाऊक होतं.
पट्टीवरची छापील किंमत
मी अंगठ्याखाली झाकली.

हरेश्वर पावसेनं मात्र सगळं नियमानं केलं.
तीस वर्षं सुकाणूवर उभा,
कमरेत खिळा ठोकल्यासारखा.
मुलानं मोबाइलवर बघितलं, मी हळदीचा डबा दिला,
सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.
महिन्यानं म्हणाला, "बरंय. फरक आहे."
पुढच्याच आठवड्यात दात घासताना हिरडीतून रक्त,
थांबेचना.
दापोलीच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आली
लाल शाईत, माझ्या नावानं:
हा माणूस रक्त पातळ करायची गोळी घेतो.
तुम्ही विचारलं होतं का?

नव्हतं.
मुलगा आला, तो भांडला नाही.
उरलेला अर्धा डबा काउंटरवर ठेवला,
"परत घ्याल?" एवढंच.
मी पूर्ण डब्याचे पैसे दिले.
त्यानं ते मोजले नाहीत.

तेव्हापासून प्रत्येकाला विचारतो, आणखी काय घेता?
आधी लोक गप्प.
पोलिसानं विचारावं तसं बघतात.
मग सुरू होतात:
उंडीचं तेल, पळीत तापवून,
निगडीचा पाला, बिब्ब्याचा डाग, मुठेल,
शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या,
दर्ग्यातला धागा, रात्रीचा अर्धा ग्लास
(हे बायकोला सांगू नका).
लीलावती चोगले म्हणाली, "झोप घेते. मिळाली तर."
बर्फाच्या कारखान्यातला ओडिया पोरगा
"घरी फोन" म्हणाला, आणि लाजला.
मी सगळं वहीत लिहितो.
रक्ताच्या गोळीखाली दोन रेघा मारतो,
त्या माणसाला दापोलीला धाडतो, गिऱ्हाईक गेलं तरी.
बाकीच्यातलं औषध कोणतं नि काय नाही,
मला विचाराल तर अजून ठरत नाही.

काल पुनव. हमीदा चाची आली.
बाहेर लिलाव चढला होता, आकडे ओरडत होते.
पट्टी काढायला मी स्टूल ओढलं,
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही,
दोन वर्षं झाली.
"आणि तू?" तिनं खालून विचारलं. "तू काय घेतोस?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
"स्टूल," मी म्हणालो.

ती हसली नाही.
कात्री मागितली, पट्टीच्या दोन गोळ्या कापल्या,
माझ्या वहीवर ठेवल्या.
"उधाण आहे आज."

पैसे तिनं दहाचेच दिले.